कॅथलिक शिकवणुकीविषयीचे दावे कसे पारखावेत

‘चर्चने अमुक गोष्टीला मान्यता दिली’ असे विधान कानावर आले, की ते खरे की खोटे याचा विचार करण्याआधी ते कोणी, कोणत्या अधिकाराने आणि कोणत्या दस्तऐवजात केले आहे, हे शोधावे. पोपने विमानप्रवासात पत्रकाराला दिलेले उत्तर, एखाद्या धर्मगुरूचे प्रवचन, पोपचे परिपत्रक आणि जगभरच्या बिशपांच्या विश्वव्यापी धर्मपरिषदेचा निर्णय यांचे वजन सारखे नसते, आणि परस्परविरोधी वाटणाऱ्या कित्येक विधानांचा उलगडा एवढ्यानेच होतो.

सर्वांत वरच्या पायरीवर विधिपूर्वक घोषित झालेले श्रद्धासिद्धांत असतात. पवित्र मरियेचा निष्कलंक गर्भसंभव (ती गर्भात आल्यापासूनच आदिपापापासून मुक्त होती, ही शिकवण) 1854 मध्ये आणि तिचे सदेह स्वर्गोन्नयन 1950 मध्ये असे घोषित झाले. पोपच्या अशा घोषणा प्रमादरहित, म्हणजे चुकीची शक्यता नसलेल्या, कधी मानाव्यात, याच्या अटी पहिल्या व्हॅटिकन परिषदेने 1870 मध्ये घालून दिल्या आणि त्या बऱ्याच कडक आहेत. म्हणून पोपचा प्रत्येक शब्द प्रमादरहित असतो, हा समज चुकीचा ठरतो. मात्र त्याच्या उलट टोकाचा, ‘प्रमादरहित नाही, म्हणजे बंधनकारकही नाही’ हा युक्तिवाद मला अधिक फसवा वाटतो, कारण तो अभ्यासू माणसाच्या तोंडी शोभून दिसतो. पोप विधिपूर्वक घोषणा करत नसतानाही त्यांच्या अधिकृत शिकवणुकीला बुद्धीने आणि इच्छेने मान द्यावा, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ‘लुमेन जेन्शियम’ या दस्तऐवजाचा 25वा परिच्छेद स्पष्ट सांगतो.

यानंतर सिद्धांत आणि शिस्त यांत फरक करावा. लॅटिन चर्चमधील (म्हणजे कॅथलिक चर्चच्या पाश्चात्त्य परंपरेतील) धर्मगुरूंचे ब्रह्मचर्य हा शिस्तीचा नियम आहे. पोपशी एकात्म असलेल्या पौर्वात्य चर्चमध्ये विवाहित धर्मगुरू आहेत. याउलट, धर्मगुरूपदाची दीक्षा केवळ पुरुषांनाच देता येते, ही शिकवण निश्चित स्वरूपाची असल्याचे पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1994 मध्ये जाहीर केले. त्यामुळे ‘एक नियम बदलू शकतो, तर दुसरा का नाही’ हा प्रश्न दोन वेगळ्या जातींच्या गोष्टी एकत्र करतो.

बातमीचे शीर्षक आणि मूळ मजकूर शेजारी ठेवून वाचण्याची सवय लावून घ्यावी. डिसेंबर 2023 मध्ये ‘फिदुचिया सुप्लिकान्स’ हे आशीर्वादांविषयीचे व्हॅटिकनचे घोषणापत्र प्रसिद्ध झाले, तेव्हा चर्चने समलिंगी विवाह स्वीकारल्याचा समज पसरला. प्रत्यक्षात त्या घोषणापत्राने विवाहाविषयीची शिकवण कायम ठेवली होती, आणि अशा जोडप्यांना उपासनाविधीबाहेर, विवाहविधीसारखे न भासणारे साधे आशीर्वाद देण्यास वाव दिला होता. त्यावर मतभेद झाले आणि काही बिशपांनी उघड हरकतही घेतली, पण वाद नेमका कशाबद्दल आहे हे मूळ मजकूर वाचल्याशिवाय कळत नाही. व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर असे दस्तऐवज विनामूल्य उपलब्ध असतात.

दैनंदिन शंकांसाठी 1992 मध्ये प्रसृत झालेला कॅथलिक चर्चचा कॅटेकिझम, म्हणजे शिकवणुकीचा अधिकृत सारग्रंथ, पुरेसा आहे. त्यातील परिच्छेदांना क्रमांक असल्याने दावा करणाऱ्याकडे क्रमांक मागावा, आणि मागचेपुढचे परिच्छेदही वाचावेत. आवृत्ती मात्र पाहून घ्यावी: मृत्युदंडाविषयीचा परिच्छेद 2267 पोप फ्रान्सिस यांनी 2018 मध्ये बदलला, त्यामुळे जुन्या छापील प्रतीत आधीचाच मजकूर सापडेल.

पुस्तकावर बिशपांची ‘इम्प्रिमातुर’ असली, तर प्रकाशनाला परवानगी मिळाली एवढाच अर्थ घ्यावा. लेखकाच्या प्रत्येक मताशी बिशप सहमत आहेत, असे त्यातून निघत नाही. दर्शने आणि खासगी प्रकटीकरणे यांबाबत कॅटेकिझमचा परिच्छेद 67 पाहावा: चर्चने मान्य केलेली प्रकटीकरणेदेखील श्रद्धेच्या ठेव्याचा, म्हणजे प्रेषितांकडून चर्चकडे आलेल्या मूळ शिकवणुकीचा, भाग ठरत नाहीत. त्यामुळे एखाद्या दर्शनाचा हवाला देऊन कोणी चर्चच्या शिकवणुकीत भर घालू किंवा दुरुस्ती सुचवू लागला, तर तो दावा तिथेच बाजूला ठेवावा. एवढे करूनही शंका उरलीच, तर मूळ मजकूर सोबत घेऊन आपल्या धर्मगुरूंकडे जावे, आणि त्यांच्या उत्तराचा आधार कोणत्या दस्तऐवजात आहे, हे त्यांनाही विनयाने विचारावे.