जर्मनीत अर्ज करण्याआधी आपले गुण त्यांच्या मापात मोजा

जर्मनीतल्या मास्टर्ससाठी ‘किमान ग्रेड २.५’ अशी अट बऱ्याच ठिकाणी दिसते, आणि आपल्या हातात असतो सीजीपीए. अंदाजाने पाच-सहा अर्ज टाकले तर पैसे वाया जातात. युनी-असिस्ट (अनेक जर्मन विद्यापीठांसाठी परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासणारी संस्था) हिच्यामार्फत पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो पडतात. नकार आला तरी ते परत मिळत नाहीत.

त्याआधी पाच मिनिटांचं हे गणित करा:

१. कमाल गुणांतून आपले गुण वजा करा.
२. कमाल गुणांतून पासचे गुण वजा करा.
३. पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागा, ३ ने गुणा, त्यात १ मिळवा.

समजा सीजीपीए १० पैकी ७ आहे आणि पासची मर्यादा ४ आहे. मग ३ भागिले ६ गुणिले ३ अधिक १, म्हणजे २.५. तिकडे १ सर्वांत चांगला आणि ४ म्हणजे काठावर पास, त्यामुळे आकडा जितका लहान तितकं बरं.

एक मात्र नीट बघा: पासची मर्यादा. वरच्याच उदाहरणात ती ४ ऐवजी ५ धरली, तर ग्रेड थेट २.८ होते आणि अर्ज बाद! ही मर्यादा बहुधा गुणपत्रिकेच्या मागे छापलेली असते. नसेल तर विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून सही-शिक्क्याचं पत्र घ्या आणि अर्जासोबत जोडा. हे पत्र मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्जाच्या मुदतीआधी महिना-दीड महिना मागणी करा.