नागपुरात घरांच्या फोटोग्राफीचा धंदा: लेन्सपासून उधारीपर्यंत

घराच्या फोटोचं काम एकच, योग्य गिऱ्हाईक साइटवर आणणं. मे महिन्यात 45 अंशांच्या उन्हात बेसा-बेलतरोडीपर्यंत आलेल्या कुटुंबाला फोटोतला हॉल प्रत्यक्षात निम्मा दिसला, तर फ्लॅट विकला जात नाहीच, वर त्या ब्रोकरचा पुढचा फोनही ते उचलत नाहीत. मग ब्रोकर तुमचा फोन उचलत नाही.

म्हणून लेन्सपासूनच सबुरी हवी. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याला 16-35 मिमी, एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्याला 10-18 मिमी पुरते. मिमीचा आकडा लहान, तितका फोटोत जास्त भाग मावतो. पण फुल फ्रेमवर बहुतेक फोटो 20 ते 24 मिमीवरच घ्या. 16 मिमी फक्त बाथरूम आणि अरुंद पॅसेजसाठी. त्यावर कडेची वस्तू ताणली जाते, सिंगल बेडचा डबल बेड दिसतो.

ट्रायपॉडशिवाय हे काम करू नका. हॉल आणि बेडरूममध्ये कॅमेरा सव्वा मीटरच्या आसपास ठेवा. स्वयंपाकघरात थोडा वर, कारण ओट्याचा वरचा भाग दिसायला हवा. कॅमेरा लेव्हलमध्ये असू द्या. वर किंवा खाली झुकला की भिंती तिरप्या होतात, आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये सरळ करताना कडेचा भाग कापला जातो. अ‍ॅपर्चर एफ/8, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) 100 ते 200, आणि दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरकाने तीन फ्रेम, त्या नंतर जोडून एक फोटो करायचा. एप्रिल-मेमध्ये खिडकीबाहेरचा उजेड इतका प्रखर असतो की तीन पुरत नाहीत, पाच घ्या. शटर हळू असतं, त्यामुळे पंखा बंद करायला विसरलात तर प्रत्येक फ्रेममध्ये पाती वेगळ्या जागी येतात आणि फ्रेम जोडल्यावर छतावर करडा डाग उरतो.

आता नागपूरची खास अडचण: कूलर. मार्चपासून पावसाळ्यापर्यंत घरातली सर्वांत चांगली खिडकी त्याने अडवलेली असते. उजेड जातो, देखावा जातो आणि खोली कोंदट दिसते. स्टँडवरचा असेल तर आदल्या दिवशी पाणी काढून बाजूला सरकवायला सांगा. भरलेला कूलर दोघांनाही हलत नाही. खिडकीत पक्का बसवलेला असेल तर तो काढायच्या भानगडीत पडू नका, त्या भिंतीकडे पाठ करून फोटो घ्या. दुसरी अडचण गच्ची-बाल्कनीवरच्या हिरव्या जाळीची. ती उन्हातून गाळून हिरवा रंग थेट हॉलच्या पांढऱ्या टाइल्सवर आणते. व्हाइट बॅलन्स (सगळ्या फोटोचा रंग एकदम बदलणारी सेटिंग) बदलून तो जात नाही, कारण खोलीचा उरलेला भाग मग गुलाबी होतो. जाळी तासभर गुंडाळता आली तर उत्तम. नाहीतर एडिटिंगमध्ये फक्त फरशीचा भाग निवडून हिरवा कमी करा. खिडकीचा उजेड आणि पिवळे बल्ब एकत्र आले तरी असंच होतं. दिवसा दिवे बंद ठेवलेलेच बरे.

मालकाला आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवा: ओटा मोकळा, सिलिंडर आणि बादल्या आत, चपला कपाटात, दारावरची नावाची पाटी आणि भिंतीवरचे घरच्यांचे फोटो झाकलेले. देवघर काढायला सांगू नका. देवघराला स्वतंत्र जागा आहे का हे गिऱ्हाईक हमखास बघतं.

इमारतीचा दर्शनी भाग पूर्वेला असेल तर सकाळी आठच्या आत, पश्चिमेला असेल तर ऊन उतरल्यावर. उन्हाळ्यात दुपारी आभाळ पांढरंफटक असतं, तेव्हा बाहेरचा एकही फोटो घेऊ नका. संध्याकाळचा निळा उजेड सूर्यास्तानंतर जेमतेम पंधरा-वीस मिनिटं टिकतो. डिसेंबरात साडेपाचलाच सूर्य मावळतो, म्हणून पाचला ट्रायपॉड लागलेला आणि सगळ्या खोल्यांचे दिवे सुरू हवेत. उन्हाळ्यात बॅटऱ्या गाडीत ठेवू नका.

ले-आऊटमधल्या रिकाम्या प्लॉटचा फोटो सर्वांत अवघड, कारण दाखवायला काहीच नसतं. रस्ता किती रुंद आहे, विजेचे खांब आणि नाली कुठवर आली आहे, शेजारी घरं झाली आहेत का, हे दाखवा. ड्रोनने वरून घ्यायचा तर आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर झोन बघा, म्हणजे तिथे परवानगी लागते का ते कळेल. मनीषनगर, बेसा हा भाग सोनेगाव विमानतळाच्या इतका जवळ आहे की परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलट सर्टिफिकेट लागत नाही, पण झोनचे नियम त्यालाही लागू आहेत. त्याहून जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर सर्टिफिकेट हवंच. बऱ्याचदा पाच-सहा मीटरचा पोल किंवा शेजारच्या इमारतीची गच्ची तेच काम करते.

एडिटिंगमध्ये आभाळ निळं करा, डाग पुसा. हाय टेन्शन लाइन, मोबाइल टॉवर किंवा समोरची भिंत पुसू नका. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला रेरा (घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा) कायदा, 2016 नुसार भरपाई मागता येते. बिल्डरची जाहिरात तुम्हीच डिझाइन करून देत असाल तर महारेरा क्रमांक (राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडचा प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक) आणि क्यूआर कोड विसरू नका. कोड 1 ऑगस्ट 2023 पासून सक्तीचा आहे.

दराचा हिशेब शेजाऱ्याचा दर बघून करू नका. समजा 1,80,000 रुपयांचं सामान तीन वर्षं चालवायचं, म्हणजे महिन्याला 5,000. पेट्रोल, सॉफ्टवेअर, विमा धरून आणखी 7,000. महिन्याला 16 कामं मिळाली तर प्रत्येक कामामागे 750 रुपये हा नुसता खर्च झाला. टू बीएचकेला दीड तास शूटिंग, दोन तास एडिटिंग आणि जाण्यायेण्याचा वेळ लागतो. त्याची मजुरी वर लावा. 'फ्लॅटमागे 500' म्हणणारा खिशातून पैसे घालतोय.

टू बीएचकेचे 15 ते 20 फोटो पुरेत. ते 24 तासांत द्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दर्जा घसरतो. ब्रोकरच्या लिस्टिंगचा दर वेगळा, बिल्डरच्या ब्रोशर-होर्डिंगचा वेगळा. कोटेशनमध्ये वापर लिहूनच ठेवा. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाराच असतो. मग तोच फोटो दुसऱ्या ब्रोकरला दिल्यावर तुमचंच चुकलेलं असतं.

उधारी बिल्डरकडे अडकते, ब्रोकरकडे कमी. निम्मी रक्कम शूटिंगआधी घ्या, आणि बाकी येईपर्यंत वॉटरमार्कच्या प्रतीच द्या. उद्यम नोंदणी (लहान धंद्यांची सरकारी नोंदणी) फुकट होते, ती करून क्रमांक बिलावर छापा. लहान धंद्यांसाठीच्या एमएसएमईडी कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात. बिल्डरच्या अकाउंटंटला हे ठाऊक असतं. गुढीपाडवा, अक्षय तृतीया आणि दसऱ्याच्या जाहिरातींची कामं तीन आठवडे आधी येतात. त्या दिवसांत आगाऊ रक्कम न देणाऱ्याची तारीख दुसऱ्याला द्या.