गियर बदलताना लॅम्बडा का उडतो? ड्रॅग गाडीचा लॉग असा वाचा

लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस होतात. अशा धावेहून परतलेल्या चालकाची एक तक्रार ठरलेली असते: "तिसरा टाकला की गाडी क्षणभर मरते." लॉग, म्हणजे धावेतल्या सेन्सरांची नोंद, उघडला की नेमकी त्याच जागी लॅम्बडाची (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणाऱ्या आकड्याची) रेघ वर उडालेली दिसते, म्हणजे मिश्रण लीन: पेट्रोल कमी, हवा जास्त. उलट असेल तर रिच. मग हात पेट्रोल वाढवायला जातो. मीही तेच केलं होतं. दोन धावांत प्लग काजळीने काळे झाले आणि गचका जिथल्या तिथे राहिला, कारण ती उडी खोटी होती. म्हणून मॅपला (कधी किती पेट्रोल द्यायचं याच्या तक्त्याला) हात लावण्याआधी उडी खरी की खोटी ते ठरवा.

आधी लॉगची तयारी. आरपीएम, थ्रॉटल, मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला) दाब, फ्युएल प्रेशर, लॅम्बडा आणि शिफ्ट कटचा (गियर बदलताना इंजिनची ताकद क्षणभर तोडण्याचा) सिग्नल एकाच वेळरेषेवर हवेत, सेकंदाला किमान ५० नोंदी. क्विकशिफ्टरचा (क्लच न दाबता गियर बदलू देणाऱ्या यंत्रणेचा) कट बहुधा ५० ते ८० मिलिसेकंदांचा असतो. सेकंदाला दहाच नोंदी घेतल्या तर तो दोन नोंदींच्या मधूनच निसटतो. आकडा एएफआरमध्ये (एक भाग पेट्रोलमागे वजनाने किती भाग हवा) न बघता लॅम्बडामध्ये बघा. नेमकं जळायला शुद्ध पेट्रोलला १४.७ लागतात, ई२० ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) साधारण १३.५, लॅम्बडा मात्र दोघांनाही १ च. फुल थ्रॉटलला टर्बो नसलेलं इंजिन ०.८५ ते ०.८८ वर, टर्बोवालं ०.७८ ते ०.८२ च्या आसपास धावतं.

आता उशीर मोजा. सेन्सर एक्झॉस्टमध्ये पुढे बसलेला असतो, त्यामुळे सिलिंडरमध्ये घडलेलं त्याला मागाहून कळतं. डायनोवर (गाडी जागीच रोलरवर पळवून मोजणाऱ्या यंत्रावर) आरपीएम स्थिर धरा, पेट्रोल एकदम १० टक्के वाढवा आणि लॅम्बडा किती वेळाने हलतो ते पाहा. दोन-तीन वेगवेगळ्या आरपीएमवर मोजा, कारण वायूचा प्रवाह वाढला की उशीर घटतो. लॅम्बडाची रेघ तेवढी मागे सरकवल्याशिवाय पुढचं काही वाचू नका.

रेघ सरकवली आणि उडी कटच्या सिग्नलवर अगदी बरोबर बसली, तर कट कसला आहे ते बघा. इग्निशन कटमध्ये ठिणगी बंद, इंजेक्टर चालू. न जळलेलं मिश्रण तसंच बाहेर पडतं, त्यातला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो आणि तो लीन सांगतो, जरी पेट्रोल पुरेपूर असलं तरी. सायलेन्सरमध्ये फटाके वाजत असतील तर हा संशय पक्का. इथे पेट्रोल वाढवून काहीही मिळत नाही. फ्युएल कटमध्ये धोका कट संपल्यावर असतो: इनटेक पोर्टच्या भिंतीवरचा पेट्रोलचा थर सुकलेला असतो, म्हणून परतीचे पहिले काही स्फोट खरोखर लीन होतात. औषध त्या क्षणापुरतं जादा पेट्रोल देणं, सगळा मॅप रिच करणं नव्हे.

थ्रॉटल सोडून गियर टाकत असाल तर आधी थोडं रिच आणि परत उघडताना लीन असा नागमोडी आकार येतो. तिथे अ‍ॅक्सिलरेशन एनरिचमेंट (थ्रॉटल एकदम उघडताना मिळणारं जादा पेट्रोल) वाढवा.

फ्युएल प्रेशरच्या रेघेकडे माझं सगळ्यात जास्त लक्ष असतं, कारण इंजिन इथेच फुटतं. शिफ्टनंतर लॅम्बडा चढला आणि खाली आलाच नाही, प्रेशरही पडलं, तर पेट्रोल टाकीत मागे सरकून पिकअप (पंपाचं पेट्रोल ओढणारं तोंड) उघडा पडतोय किंवा पंप कमी पडतोय. टर्बो गाडीत बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) १ बार वाढला की इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलचं प्रेशरही १ बार वाढायला हवं. तसं होत नसेल तर धाव तिथेच थांबवा, पुढची धाव लावू नका.

उलट शिफ्टनंतर एकदम रिच? एअर फ्लो मीटर (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) असलेल्या टर्बो गाडीत ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (थ्रॉटल बंद होताच जादा दाब सोडणारा) मोजलेली हवा बाहेर सोडत असेल, पेट्रोल मात्र त्या हवेच्या हिशोबाने पडत राहतं. ती परत इनटेकमध्ये वळवा.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन धावांच्या रेघा एकावर एक ठेवून बघा. माझ्या गाडीत इग्निशन कट ९० मिलिसेकंदांचा होता. तो ६५ वर आणला, वाढवलेलं पेट्रोल काढून टाकलं. लॅम्बडाची उडी लॉगमध्ये अजूनही दिसते, फक्त बारीक झाली आहे. तिसरा टाकताना गाडी मात्र आता मरत नाही.