कझाकस्तानच्या गवताळ मैदानातील शेतीचा इतिहास वर्गात कसा शिकवावा

गोव्यातील मराठी वर्गांत भूगोल आणि इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकांना मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशापाशी पोहोचल्यावर एक अडचण हमखास जाणवते. आपल्या मुलांनी समुद्र पाहिलेला असतो, मृगाचा पाऊस अंगावर घेतलेला असतो, खाजनातले (भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीतले) बांध आणि मानशी, म्हणजे पाणी अडवणारी-सोडणारी दारे, त्यांच्या नित्याची असतात. त्यामुळे ज्या देशाला महासागराकडे जाणारी वाटच नाही आणि जिथे वर्षभराचा पाऊस आपल्या जुलैतल्या दोन-तीन मुसळधार दिवसांत संपून जाईल, तिथली शेती त्यांच्या डोळ्यांपुढे सहजी उभी राहत नाही. डिचोली परिसरातील आठवी-नववीच्या मुलांना हा विषय शिकवताना जी पद्धत मला हळूहळू सापडली, ती इथे क्रमाने मांडत आहे. चार ते पाच तासिकांत हा विषय नीट होतो. त्याहून कमी वेळात उरकल्यास मुलांच्या हाती फक्त सनावळी लागते.

आरंभ पावसापासून करावा, सरकारी निर्णयांपासून नव्हे. वर्गातील भिंतीला लागून ३० सेंटिमीटरची फूटपट्टी जमिनीवर उभी धरावी आणि तिच्या टोकाशी खडूने खूण करावी. उत्तर कझाकस्तानातील गव्हाच्या पट्ट्यात वर्षाला साधारण ३०० ते ३५० मिलिमीटर पर्जन्य होते, म्हणजे या खुणेइतके किंवा तिच्याहून थोडे अधिक, आणि त्यातही बराच भाग बर्फाच्या रूपाने पडतो. त्यानंतर बाकावर उभे राहून जमिनीपासून तीन मीटरांवर दुसरी खूण करावी. ती दाराच्या चौकटीच्याही वर जाते आणि वर्गातल्या सर्वांत उंच मुलाचा हात तिथे पोहोचत नाही. हा गोव्याचा ढोबळ वार्षिक पाऊस. दोन खुणांमधली कोरी भिंत मुले पाहत राहतात, आणि तिथून पुढे "तिकडे भात का पिकवत नाहीत" हा प्रश्न कोणी विचारत नाही.

याच तासिकेत पेरणीची वेळ समजावून द्यावी, कारण या शेतीचे सारे मर्म तिच्यात आहे. त्या पट्ट्यात मे आणि जूनचा पूर्वार्ध बहुधा कोरडा जातो, पावसाचा जोर जुलैत असतो आणि सप्टेंबरमध्ये कडाक्याची थंडी दारात येऊन उभी राहते. म्हणून वसंतातील गहू मेच्या उत्तरार्धात पेरतात, जेणेकरून पीक पाण्याला आसुसलेले असताना जुलैचा पाऊस त्याला गाठेल. पेरणी लवकर केली तर रोप जूनच्या उन्हात होरपळते आणि फार उशीर झाला तर दाणा भरण्याआधीच हिमतुषार पडतो. आपल्याकडे सरद (पावसाळी) भातासाठी पहिल्या पावसाची वाट पाहणाऱ्या घरातल्या मुलाला हा हिशेब लगेच कळतो. मातीबद्दल दोन वाक्ये पुरेत: उत्तरेकडे काळी कसदार चेर्नोझेम माती, तिच्या दक्षिणेला तपकिरी-तांबूस माती आणि त्याही खाली अर्धवाळवंट. हजारो वर्षे गवताच्या मुळ्या कुजून ती काळी माती तयार झाली आणि पाऊस बेताचाच असल्याने तिच्यातला कस धुऊन गेला नाही. आपल्या जांभ्या जमिनीची गोष्ट नेमकी याच्या उलट आहे.

दुसऱ्या तासिकेत एका शब्दाशी थांबावे लागते, आणि इथे मी स्वतः चुकलो होतो. पहिल्या वर्षी मी थेट १९५४ पासून, म्हणजे ही मैदाने नांगरण्याच्या सोव्हिएत मोहिमेपासून, सुरुवात केली आणि रशियन भाषेतील 'त्सेलिना' या शब्दासाठी फळ्यावर 'पडीक जमीन' असे लिहिले. तास संपताना एका मुलीने विचारले, "सर, मग त्याआधी तिथे कोणीच राहत नव्हते का?" चूक तिची नव्हती, माझ्या शब्दाची होती. पडीक म्हटले की कोणाच्या उपयोगाची नसलेली, टाकून दिलेली जमीन मनात येते. त्सेलिना म्हणजे नांगर न लागलेली जमीन, आणि नांगर न लागलेली जमीन रिकामी असतेच असे नाही. तेव्हापासून मी 'अनांगर कुरण' हा शब्द वापरतो आणि पडीक हा शब्द का चुकतो, हे मुलांकडूनच काढून घेतो. संपूर्ण विषयाचा कणा हाच आहे, म्हणून या तासिकेत घाई करू नये.

फळ्यावर एक मोठे वर्तुळ काढून त्याचे चार भाग करावेत आणि त्यांत कझाक पशुपालकांच्या चार मुक्कामांची नावे लिहावीत: हिवाळ्यातील क्यस्ताउ, वसंतातील कोक्तेउ, उन्हाळ्यातील जायलाउ आणि शरदातील कुझेउ. मेंढ्या, शेळ्या, घोडे, गाई आणि उंट यांचे कळप घेऊन कुटुंबे या चक्रात फिरत, आणि काहींची वाट शेकडो किलोमीटरांची असे. हिवाळ्यात घोडे खुरांनी बर्फ उकरून गवत उघडे करत आणि त्यांच्या मागून इतर जनावरे चरत, हा बारकावा मुलांना फार आवडतो. बर्फ वितळून पुन्हा गोठला, त्यावर कडक कवच चढले आणि खुरांनाही ते फुटेनासे झाले की जनावरे उपासमारीने मरत. या संकटाला 'जुत' म्हणतात. सत्तरी, सांगे, काणकोण भागांतील धनगर-गवळी समाज ज्यांना परिचित आहे, अशा मुलांना जनावरांच्या मागे माणसाचे वर्ष कसे फिरते हे वेगळे सांगावे लागत नाही.

मात्र इथे उलट टोकाची चूकही होऊ देऊ नये. हा प्रदेश केवळ पशुपालकांचा होता असे सांगितले तर तेही अपुरे ठरते. आग्नेयेकडील बेगाश येथील उत्खननात चार हजार वर्षांपूर्वीचे वरीवर्गीय धान्य आणि गव्हाचे दाणे सापडले आहेत, सिरदर्या नदीकाठच्या ओतरार परिसरात मध्ययुगात कालव्यांवर शेती होत असे, आणि अल्माटीजवळच्या डोंगरउतारांवरची रानटी सफरचंदे ही आपण खातो त्या सफरचंदांची मुख्य पूर्वज आहेत. नांगर कुठे चालवावा आणि कुठे चालवू नये, हे तिथल्या माणसांनी पाणी पाहून ठरवले होते.

तिसरी तासिका कठीण आहे आणि ती सावकाश, शांत आवाजात घ्यावी. वर्तुळ फळ्यावर तसेच ठेवावे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि १९०६ नंतर रशियाचे पंतप्रधान स्तोलिपिन यांच्या जमीनसुधारणांच्या काळात अधिकच, दहा लाखांहून जास्त शेतकरी रशियन साम्राज्याच्या युरोपीय भागातून या मैदानात येऊन वसले. त्यांना दिलेल्या जमिनींत नदीकाठच्या चांगल्या जागा, म्हणजे बऱ्याचदा हिवाळी मुक्काम होते. असे सांगत क्यस्ताउच्या भागाचा निम्मा कंस डस्टरने पुसावा. त्यानंतर सोव्हिएत राजवटीतले १९२९ पासूनचे सामूहिकीकरण येते: कुटुंबांना सक्तीने एका जागी बसवण्यात आले, जनावरे सामूहिक शेतांत ओढली गेली, मांस आणि धान्याची वसुली न पेलणारी होती. आता उरलेले वर्तुळही पुसावे. १९३० ते १९३३ या काळातील दुष्काळात सुमारे १५ लाख माणसे मृत्युमुखी पडली, त्यांतील सुमारे १३ लाख कझाक होती, म्हणजे त्या समाजाचा एक तृतीयांशाहून मोठा भाग. आणि दर दहा जनावरांमागे जवळपास नऊ नाहीशी झाली. कझाकस्तानात ३१ मे हा दिवस राजकीय दडपशाही आणि दुष्काळ यांच्या बळींच्या स्मरणार्थ पाळला जातो. या वयाच्या मुलांना मृतांची छायाचित्रे दाखवू नयेत, असे माझे ठाम मत आहे. पुसलेल्या वर्तुळाचा पांढुरका डाग फळ्यावर दिसत असतो, तेवढा पुरतो.

हे झाल्यावरच १९५४ कडे वळावे. त्या वर्षाच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पक्षप्रमुख ख्रुश्चेव्ह यांच्या पुढाकाराने सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाने अनांगर कुरणे नांगरण्याचा कार्यक्रम जाहीर केला. १९५४ ते १९६० या काळात संपूर्ण सोव्हिएत संघात ४ कोटी १८ लाख हेक्टर जमीन नांगराखाली आली, त्यांपैकी २ कोटी ५५ लाख हेक्टर एकट्या कझाकस्तानात होती. मोठे आकडे मुलांच्या कानावरून निघून जातात, म्हणून इथे एक गणित घालावे. १९५६ मध्ये कझाकस्तानने १०० कोटी पूड धान्य दिल्याचा मोठा गाजावाजा झाला. एक पूड म्हणजे १६.३८ किलो; तर टन किती? उत्तर १ कोटी ६३ लाख ८० हजार टन येते. हे उत्तर फळ्यावर असतानाच वर्षे ओळीने लिहावीत: १९५५ अवर्षणाचे, १९५६ विक्रमी, १९६३ पुन्हा भीषण अवर्षणाचे, ज्या वर्षी सोव्हिएत संघाला कॅनडासारख्या देशांकडून गहू विकत घ्यावा लागला. कोणताही उत्पादनाचा आकडा समोर आला की तो कोणत्या वर्षाचा, हे आधी विचारण्याची सवय मुलांना इथे लागते. विक्रमी वर्षातही कोठारे अपुरी असल्यामुळे पुष्कळ धान्य उघड्यावर पडून खराब झाले, हेही सांगावे. तरुण स्वयंसेवकांनी तंबूंत राहून उपसलेले कष्ट मात्र खरे होते आणि ते कमी लेखू नयेत.

यानंतर मातीचा प्रयोग. मार्च-एप्रिलमध्ये वायंगण (उन्हाळी भात) कापणीनंतर सुकलेल्या शेतातली बारीक माती आणावी आणि ती चाळून दोन पसरट ताटांत सारख्या जाडीने पसरावी. एका ताटातली माती तशीच उघडी ठेवावी. दुसऱ्यात भाताच्या काडाचे बोटभर लांबीचे तुकडे दोन-दोन इंचांवर उभे खोचावेत, त्यांच्यामध्ये थोडे पेंढ्याचे कुटार पसरावे. ताटांमागे वर्तमानपत्राचा पांढरा कागद अंथरून समोरून टेबलफॅन लावावा, प्रथम मंद आणि मग जोरात. मुलांना दोन पावले मागे उभे करावे आणि डोळे सांभाळायला सांगावे. उघड्या ताटातली माती आधी कडेने सरकते, मग कागदावर करड्या पट्ट्या उमटतात. काडाच्या ताटातली माती बहुतांशी जागेवर राहते. माती ओलसर राहिली तर प्रयोग फसतो, म्हणून ती आदल्या दिवशी उन्हात घालावी.

१९६० च्या दशकाच्या आरंभी त्या मैदानात नेमके हेच झाले. खोल नांगरट करून माती उलथली गेली, गवताची मुळे तुटली, वर काहीच उरले नाही आणि कोरड्या वर्षांत वाऱ्याने कसदार थर उचलून नेला. धुळीच्या वादळांनी दिवसा अंधार केला. यावर उपाय शोधणाऱ्यांत अग्रणी होते अलेक्सांद्र बारायेव (१९०८–१९८५), आजची राजधानी अस्ताना हिच्या उत्तरेस असलेल्या शोर्तांदी येथील धान्यशेती संशोधन संस्थेचे प्रमुख. त्यांनी कॅनडाच्या प्रेअरी (गवताळ मैदानी) भागातील अनुभव अभ्यासला आणि माती न उलथता पृष्ठभागाखालून पाते फिरवणारी अवजारे, धसकटातच पेरणी करणारी यंत्रे, शेताच्या पट्ट्यांत आलटून पालटून पीक आणि मोकळीक, तसेच हिवाळ्यात बर्फ अडवून ठेवण्याच्या पद्धती रुजवल्या. ख्रुश्चेव्ह यांना एक हंगामही जमीन मोकळी ठेवणे पसंत नव्हते. बारायेव यांनी जमिनीला आळीपाळीने विसावा दिलाच पाहिजे हा आग्रह सोडला नाही. १९७२ मध्ये त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लेनिन पारितोषिक मिळाले. या व्यक्तीसाठी मी पूर्ण अर्धी तासिका राखून ठेवतो, कारण काडाचे ताट पाहिल्यावर त्यांचे काम मुलांना स्वतःच सांगता येते. कापणीनंतर शेतात उभे राहिलेले धसकट हिवाळ्यात बर्फही धरून ठेवते आणि वसंतात तेच पाणी मातीत मुरते, हा दुवा भिंतीवरच्या फूटपट्टीच्या खुणेशी जोडून दाखवावा.

१९९१ नंतरचा भाग थोडक्यात आटोपला तरी चालतो. सोव्हिएत व्यवस्था कोसळल्यावर पेरणीखालील क्षेत्र निम्म्याहून कमी झाले, नको तिथे नांगरलेल्या पुष्कळ जमिनींवर गवत परतले आणि पुढे गव्हाचा व्यापार पुन्हा उभा राहिला. महासागरावर बंदर नसल्यामुळे हा गहू मुख्यतः रेल्वेने उझबेकिस्तान, ताजिकिस्तान, अफगाणिस्तान अशा शेजाऱ्यांकडे जातो. मुरगाव बंदर पाहिलेल्या मुलांना नकाशावर अस्तानापासून सर्वांत जवळच्या खुल्या समुद्रापर्यंतची वाट बोटाने काढायला लावावी, म्हणजे भाड्याचा प्रश्न वेगळा समजवावा लागणार नाही.

वेळ उरला तर सिरदर्याच्या खोऱ्यातील भाताकडे जावे, कारण तिथे आपली मुले घरी आल्यासारखी बोलू लागतात. १९३७ मध्ये सोव्हिएत सरकारने अतिपूर्वेकडील सुमारे १ लाख ७० हजार कोरियन लोकांना सक्तीने कझाकस्तान आणि उझबेकिस्तानात हलवले. भातशेती जाणणाऱ्या या माणसांनी क्यझिलोर्दा भागात भात वाढवला. पुढे कापूस आणि भातासाठी नद्यांचे पाणी वळवल्यामुळे १९६० नंतर अरल समुद्र (समुद्र म्हटले जाणारे खारे सरोवर) आटत गेला, आणि २००५ मध्ये पूर्ण झालेल्या कोकअरल बांधाने त्याच्या उत्तरेकडील छोट्या भागात पाणी पुन्हा साठू लागले, मासेमारीही परतली. मानशीची दारे कधी उघडायची आणि कधी लावायची, हे आजोबांकडून ऐकलेला मुलगा या बांधाबद्दल शिक्षकापेक्षा चांगले प्रश्न विचारतो. त्याला विचारू द्यावे.

मूल्यमापनासाठी सनावळी विचारू नये. प्रत्येक मुलाने आपल्या गावात पडीक म्हणून ओळखली जाणारी एक जागा निवडावी आणि तिथे पूर्वी कोण गुरे चारत असे, कोण गवत किंवा लाकूडफाटा आणत असे, पावसाळ्यात तिथे पाणी कुठे थांबते, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून अर्ध्या पानात लिहावे. त्याच पानाच्या मागच्या बाजूला कझाक मुक्कामांचे वर्तुळ स्मरणातून काढावे आणि त्यातला कोणता भाग आधी पुसला गेला, ते रंगवून दाखवावे.