महापालिकेच्या अंदाजपत्रकात काम सुचवताना या चुका टाळा

पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांना आपल्या भागातील कामे थेट अंदाजपत्रकासाठी सुचवण्याची सोय करून दिली आहे. साधारणपणे ऑगस्ट-सप्टेंबरात अर्ज घेतले जातात, क्षेत्रीय कार्यालयात त्यांची छाननी होते, प्रभाग समितीपुढे ते जातात आणि पुढच्या आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात स्वीकारलेल्या कामांसाठी तरतूद होते. आमच्या परिसरातील शेजाऱ्यांना हे अर्ज भरायला मी बरीच वर्षे मदत करते आहे. दर वर्षी नवे लोक येतात आणि नेमक्या त्याच चुका करतात, म्हणून हे एकदा सविस्तर लिहिते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे अर्जात काम न लिहिता तक्रार लिहिणे. ‘आमच्या भागातील पदपथांची दुरवस्था झाली असून प्रशासनाने त्वरित लक्ष घालावे’ हे वाक्य मी इतक्या अर्जांवर वाचले आहे की आता ते दिसले की अर्ज तिथल्या तिथे परत देते. अंदाजपत्रकात दुरवस्थेसाठी तरतूद होत नाही. तरतूद होते ती ठरावीक जागेवरच्या, ठरावीक मापाच्या आणि ठरावीक विभागाने करायच्या कामासाठी. खड्डा बुजवणे, बंद पडलेला दिवा लावणे, तुंबलेले चेंबर साफ करणे ही देखभालीची कामे आहेत आणि त्यांच्यासाठी तक्रार नोंदवण्याची वेगळी व्यवस्था आहे. अशा कामासाठी सप्टेंबरात अर्ज करून पुढच्या एप्रिलची वाट पाहणे म्हणजे स्वतःचेच नुकसान आहे.

हे मला आपोआप कळले नाही. पहिल्या वर्षी आम्ही अठरा जणांनी मिळून ‘शाळेसमोरचा पदपथ नीट करावा’ असे अठरा अर्ज मोठ्या उत्साहाने दिले आणि अठराही अर्ज बाजूला पडले. चौकशीला गेल्यावर कनिष्ठ अभियंत्यांनी आमच्यासमोर प्रभागाचा नकाशा पसरला आणि शांतपणे विचारले, “ताई, या प्रभागात तीन शाळा आहेत. तुमची कोणती? रस्त्याची कोणती बाजू? किती मीटर?” आमच्यापैकी एकालाही उत्तर देता आले नाही. रोज त्या पदपथावरून मुलांना शाळेत सोडणाऱ्या आम्हा अठरा जणांना त्याची लांबी ठाऊक नव्हती, ही गोष्ट मला आजही बोचते.

पुढच्या वर्षी आम्ही तिघी रविवारी सकाळी मोजपट्टी घेऊन रस्त्यावर उतरलो. औषधांच्या दुकानापासून बसथांब्यापर्यंत डाव्या बाजूचा पदपथ ८४ मीटर भरला. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. आमच्याकडे विजेच्या पेटीजवळ ती एक मीटरही नव्हती. चार छायाचित्रे, हाताने काढलेला नकाशा आणि ही मापे जोडून आम्ही एकच अर्ज दिला आणि त्यावर एकवीस सह्या केल्या. ते काम यादीत आले.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. अर्ज लिहिण्याआधी मोजमाप करते आणि तो देण्याआधी संबंधित कनिष्ठ अभियंत्यांना भेटून दोनच प्रश्न विचारते: हे काम कोणत्या विभागाकडे येते, आणि चालू दरसूचीप्रमाणे अंदाजे किती खर्च येईल? पथ, विद्युत, मलनिस्सारण, उद्यान असे वेगवेगळे विभाग असतात आणि चुकीच्या विभागाच्या नावे गेलेला अर्ज टेबलांवरच फिरत राहतो. या भेटीसाठी अर्धा दिवस मोडतो. ज्यांना तेवढाही वेळ द्यायचा नसतो ते व्हॉट्सअॅपवर आलेला तयार मजकूर नाव बदलून पुढे पाठवतात. एकाच मजकुराच्या दोनशे अर्जांनी कामाचे वजन वाढते हा गैरसमज आहे. छाननी करणाऱ्याच्या दृष्टीने ते एकच काम असते, आणि तेही बहुधा अस्पष्ट.

खर्चाच्या बाबतीत आणखी एक पळवाट लोकप्रिय आहे. या योजनेत एका कामाची मर्यादा ५ लाख रुपये असल्याने काही जण मोठ्या कामाचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यासाठी वेगळा अर्ज देतात. तुकडा स्वतंत्रपणे उपयोगी पडत असेल, तर हरकत नाही. पण अर्धी पावसाळी गटार मंजूर होऊन उरलेली नामंजूर झाली की पाणी मधेच एखाद्याच्या दारात सोडले जाते. मोठे काम संबंधित विभागाच्या नियमित तरतुदीतून मागावे आणि त्यासाठी नगरसेवकांकडे पाठपुरावा करावा. तो मार्ग लांबचा असला तरी योग्य आहे.

सोसायटीच्या आतला रस्ता, तिथले दिवे, तिथली बाके सुचवू नयेत. जागा महापालिकेच्या ताब्यात नसेल तर काम होत नाही. शेवटच्या दिवशी अर्ज देऊ नये. अर्ज प्रत्यक्ष दिला असेल तर आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नये, आणि ऑनलाइन दिला असेल तर त्याची प्रत जपून ठेवावी. फेब्रुवारीत अंदाजपत्रकाच्या बातम्या वाचून जागे होणाऱ्यांना मी स्पष्ट सांगते की तोपर्यंत अर्जांची मुदत कधीच संपलेली असते आणि तुमच्या गल्लीतील पदपथासाठी फार उशीर झालेला असतो.

दुसरी मोठी चूक अधिक दुःखद आहे, कारण ती मेहनती माणसेच करतात. अंदाजपत्रकाच्या पुस्तकात आपले काम छापून आले की त्यांना काम झाल्यासारखे वाटते. तरतूद म्हणजे खर्च करण्याची परवानगी असते, खर्चाची हमी नसते. तिच्यापुढे पूर्वगणनपत्रक (कामाच्या खर्चाचा तपशीलवार अंदाज), तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा लेखी आदेश) एवढ्या पायऱ्या असतात, आणि ३१ मार्चपर्यंत वापरला न गेलेला निधी त्या कामासाठी उरत नाही. शिवाय एका कामाची रक्कम दुसऱ्या कामाकडे वळवता येते. महापालिकेच्या भाषेत याला ‘वर्गीकरण’ म्हणतात आणि हा शब्द प्रत्येक नागरिकाला माहीत असायला हवा.

मी तो कसा शिकले, तेही सांगते. एका वर्षी ज्येष्ठ नागरिकांच्या गटाने बसथांब्याजवळ स्वच्छतागृह सुचवले आणि ते मंजूर झाले. आम्ही पेढे वाटले आणि एप्रिल ते डिसेंबर एकदाही चौकशी केली नाही. जानेवारीत कळले की जागेबाबत एका दुकानदाराने हरकत घेतली होती, पूर्वगणनपत्रकच तयार झाले नव्हते आणि पडून राहिलेली रक्कम नियमानुसार दुसऱ्या कामाकडे वर्गीकरणाने गेली होती. जूनमध्ये आम्ही पर्यायी जागा दाखवली असती तर हे टळले असते. त्या गटातील एक आजोबा केवळ स्वच्छतागृह नाही म्हणून बसने जाणे टाळत असत. त्यांना ही बातमी सांगायला मी गेले होते. ते रागावले नाहीत, आणि त्यामुळेच मला अधिक वाईट वाटले.

आता मी प्रत्येक मंजूर कामासाठी एक वही ठेवते. मेमध्ये पूर्वगणनपत्रक झाले का, ऑगस्टमध्ये निविदा निघाली का, ऑक्टोबरमध्ये कार्यादेश दिला का, हे तीन प्रश्न लेखी विचारते. सरळ उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करते. १० रुपये शुल्क लागते आणि माहिती ३० दिवसांत देणे बंधनकारक असते. राज्याच्या नियमांनुसार अशा अर्जात एकच विषय असावा लागतो आणि मजकूर साधारणपणे १५० शब्दांपेक्षा जास्त नसावा लागतो, त्यामुळे इथेही गाऱ्हाणे न लिहिता फक्त कागद मागावा: अमुक कामाच्या कार्यादेशाची प्रत, किंवा त्या निधीच्या वर्गीकरणाच्या ठरावाची प्रत.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर पुण्यात प्रशासकांचा कारभार आला, तेव्हा अनेकांनी ‘आता विचारायचे कोणाला’ म्हणून अर्ज देणेच सोडले. मला ते पटले नाही. मोजमाप, पूर्वगणनपत्रक आणि कार्यादेश ही कामे तेव्हाही अभियंतेच करत होते आणि त्यांना भेटता येत होते.

काम सुरू झाले की जागेवर जाऊन पाहावे, आणि ते संपले की तीच मोजपट्टी घेऊन पुन्हा मोजावे. अर्जात ८४ मीटर लिहिले होते आणि जागेवर ७० भरले, तर ठेकेदाराचे अंतिम देयक निघण्यापूर्वी छायाचित्रासह लेखी कळवावे आणि त्या पत्राचीही पोच घ्यावी. देयक निघाल्यानंतर उरलेल्या १४ मीटरसाठी पुढच्या सप्टेंबरात पुन्हा नवा अर्ज करावा लागतो.