ड्राफ्टमधला पोरगा, ट्रेडमधला सौदा: बेसबॉल पाहताना स्वतःचं मत कसं बनवावं

मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये जुलै हा वादावादीचा महिना. मध्यावर निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्याच्या आसपास ड्राफ्ट असतो, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, आणि महिनाअखेरीच्या आसपास ट्रेडची, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची, मुदत येते. २०२५ साली ही मुदत ३१ जुलैला न्यूयॉर्कच्या घड्याळात संध्याकाळी सहाला संपली, म्हणजे आपल्याकडे १ ऑगस्टच्या पहाटे साडेतीनला. या दिवसांत प्रत्येक चाहता आपल्या संघाचा जनरल मॅनेजर होतो. कुणाला घ्यावं, कुणाला विकावं, याची मतं चहाच्या टपरीपासून न्यू जर्सीच्या लोकलपर्यंत फुकट मिळतात. त्यातली बरीचशी दुसऱ्याची असतात, हा भाग वेगळा.

माझं म्हणणं सरळ आहे. ड्राफ्ट असो की ट्रेड, तिथे विकली जातात ती वर्षं. खेळाडूची कुठली वर्षं, किती पैशांत, आणि तुमच्या संघाला ती कधी हवी आहेत, एवढं कळलं की बाकीचं मत आपोआप बनतं. ते कसं बनवायचं, ते पुढे सांगतो. माझा संघ वॉशिंग्टन नॅशनल्स आहे. त्यामुळे उदाहरणं तिकडची जास्त येतील, आणि तिकडे उदाहरणांना तोटाही नाही.

पायरी १: आधी नियम समजून घ्या

ड्राफ्ट २० फेऱ्यांचा असतो. हायस्कूल संपवलेली मुलं आणि कॉलेजात किमान तिसरं वर्ष पूर्ण केलेले किंवा २१ वर्षांचे झालेले खेळाडू त्यात येतात. ज्युनिअर कॉलेजातल्यांना वर्षांची अट नाही. अमेरिका, कॅनडा आणि पोर्टो रिको इथल्याच खेळाडूंना तो लागू आहे. डॉमिनिकन रिपब्लिक किंवा व्हेनेझुएलातली मुलं थेट करार करतात. आपल्याकडचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सकडे गेले तेही ड्राफ्टशिवायच.

पहिल्या सहा निवडी लॉटरीने ठरतात, तेव्हा ‘यंदा मुद्दाम हरा, पहिला नंबर आपलाच’ हे गणित आता जुळत नाही. शिकागो व्हाइट सॉक्स २०२४ मध्ये १२१ सामने हरले, तरी २०२५ च्या ड्राफ्टमध्ये त्यांना दहावा क्रमांक मिळाला. आधीच्या वर्षी लॉटरीतली निवड मिळाल्यामुळे नियमाने ते या वेळी पात्रच नव्हते.

चाहत्यांच्या अर्ध्या ट्रेड-योजना दोन नियमांवर आपटतात. ड्राफ्टमधली निवड विकता येत नाही. स्पर्धात्मक समतोलासाठी दिलेल्या मोजक्या जादा निवडी तेवढ्या अपवाद. आणि नुकताच निवडलेला खेळाडू वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, संपेपर्यंत दुसऱ्या संघाला देता येत नाही. पूर्वी यासाठी सबंध वर्ष थांबावं लागे. ट्रे टर्नर २०१४ च्या डिसेंबरमध्येच नॅशनल्सकडे जाणार हे ठरलं होतं, तरी पुढच्या जूनपर्यंत तो सॅन डिएगो पॅड्रेसच्या मायनर लीगमध्ये (मेजर लीगखालच्या तयारीच्या संघांत), म्हणजे आपल्याला विकून मोकळ्या झालेल्या संघाकडून खेळत राहिला. त्या विचित्र प्रकारानंतर नियम बदलला.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. खेळाडू मेजर लीगमध्ये आला की साधारण सहा वर्षं संघाच्या ताब्यात राहतो. पहिली तीन वर्षं किमान पगाराच्या आसपास, पुढची तीन लवादाने ठरणाऱ्या पगारावर, आणि त्यानंतर तो मोकळा. ट्रेडमध्ये ‘कंट्रोल’ म्हणतात तो हाच.

पायरी २: खेळाडूकडे बघताना वय, जागा आणि बॅट बघा

आयपीएलच्या लिलावाची सवय इथे घात करते. तिथे मधल्या फळीत भोक पडलं की फलंदाज घेतात आणि तो एप्रिलमध्ये खेळतो. इथे आज निवडलेला मुलगा तीन-चार वर्षांनी दिसतो, कधी दिसतच नाही. ‘आपल्याला तिसऱ्या बेसवर माणूस नाही, म्हणून थर्ड बेसमन घ्या’ हा युक्तिवाद म्हणूनच ऐकून सोडून द्यायचा. त्या क्षणी जो सर्वांत चांगला असेल तो घ्यायचा. शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या राहणाऱ्या क्षेत्ररक्षकाला, मागणी जास्त असते तीही याचमुळे. शॉर्टस्टॉप खेळणारा मुलगा पुढे सेकंड बेस, थर्ड बेस किंवा सेंटर फील्डवर हलवता येतो. पण फर्स्ट बेसवरचा जाणार कुठे? त्याची बॅट चालली नाही की कारभार आटोपला.

खेळाडू पारखणारे स्काउट २० ते ८० या मापात गुण देतात. ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी दर्जा. बॅटरसाठी पाच खाती असतात: चेंडूला बॅट लावणं, ताकद, धावणं, क्षेत्ररक्षण आणि फेकीचा जोर. माझा पहिला डोळा नेहमी पहिल्या खात्यावर. ताकद ७० आणि बॅट लावणं ३५ असलेला मुलगा व्हिडिओत राजा दिसतो, आणि डबल-ए या मायनर लीगच्या वरच्या पातळीवर पोचला की चांगल्या ब्रेकिंग बॉलपुढे (वळणाऱ्या चेंडूपुढे) चाचपडतो.

कॉलेजच्या आकड्यांत एक फसगत दडलेली असते. कॉलेजात धातूची बॅट चालते, व्यावसायिक बेसबॉलमध्ये लाकडाची. म्हणून उन्हाळ्यातल्या केप कॉड लीगमध्ये, जिथे लाकडी बॅट असते, तो मुलगा कसा खेळला ते आवर्जून शोधा. होम रन मोजण्याआधी स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) किती आणि वॉक (चार वाईट चेंडूंवर फुकट मिळालेला बेस) किती, ते बघा. आणि सामने कुठल्या कॉन्फरन्समध्ये (कॉलेजांच्या गटात) झाले तेही, कारण साउथ-ईस्टर्न कॉन्फरन्समध्ये शुक्रवारी रात्री जो पिचर (चेंडू टाकणारा) समोर उभा राहतो तो स्वतःच पहिल्या फेरीतला असू शकतो.

पिचरांच्या बाबतीत मी कंजूष आहे. कोपर कधी जाईल याचा नेम नसतो. ड्राफ्ट १९६५ मध्ये सुरू झाला आणि २०२५ पर्यंत हायस्कूलमधला एकही उजव्या हाताचा पिचर पहिल्या क्रमांकावर गेलेला नाही. डावखुरे तीन गेले: १९७३ मध्ये डेव्हिड क्लाइड, १९९१ मध्ये ब्रायन टेलर, २०१४ मध्ये ब्रेडी एकिन. क्लाइडला शाळेतून उचलून थेट मेजर लीगमध्ये उभं केलं आणि त्याची कारकीर्द लवकर विझली. टेलर आणि एकिन तिथवर पोचलेच नाहीत. कॉलेजचा पिचर त्या मानाने पारखलेला असतो. पॉल स्कीन्सने २०२३ मध्ये लुईझियाना स्टेट विद्यापीठाकडून २०९ स्ट्राइकआउट घेतले, जुलैत पायरेट्सनी त्याला पहिला निवडला, आणि मे २०२४ मध्ये तो मेजर लीगमध्ये टाकत होता. २०२५ चा नॅशनल लीगमधल्या (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कारही त्याचाच. असा मुलगा समोर असेल तर माझी कंजुषी मी गुंडाळून ठेवतो.

पायरी ३: बोनसचा हिशेब मांडा

पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक निवडीला एक ठरावीक किंमत लावलेली असते, तिला स्लॉट म्हणतात. या सगळ्या किमतींची बेरीज म्हणजे संघाची तिजोरी. तिजोरीबाहेर खर्च केला की जादा रकमेवर ७५ टक्के कर बसतो, आणि ५ टक्क्यांच्या पुढे गेलं की पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली निवडही हातची जाते. तेव्हा ‘पहिल्या क्रमांकावर सर्वोत्तम खेळाडू का घेतला नाही?’ असं ओरडण्याआधी तिजोरीत काय उरलं ते विचारा.

ह्यूस्टन ॲस्ट्रोजनी २०१२ मध्ये हा डाव नीट खेळून दाखवला. पहिल्या क्रमांकाचा स्लॉट होता ७२ लाख डॉलरचा. त्यांनी कार्लोस कोरेया ४८ लाखांत घेतला आणि वाचलेल्या पैशांतून ४१ व्या क्रमांकावर लान्स मकलर्स ज्युनिअरला २५ लाख देऊन शाळेतून फोडला. २०१७ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्या संघात दोघेही होते.

पायरी ४: मॉक ड्राफ्ट वाचा, पण यादी म्हणून नव्हे

मॉक ड्राफ्ट, म्हणजे कोण कुणाला निवडेल याचा पत्रकारांचा आधीच मांडलेला अंदाज, ही गुणवत्ता यादी नसते. कुठल्या संघाचे लोक कुणाच्या सामन्याला दिसले, कुणाचा एजंट किती मागतो आहे, याची ती कुजबुज असते. ज्यात कारण दिलेलं आहे तेवढी वाक्यं ठेवा. आणि यादीच्या खाली काही नसतं असंही समजू नका: अल्बर्ट पुहोल्स १९९९ मध्ये १३ व्या फेरीत गेला, माइक पियाझा १९८८ मध्ये ६२ व्या.

पायरी ५: आपल्या संघाचं घड्याळ लावा

कागद घ्या आणि संघातल्या पाच-सहा मुख्य खेळाडूंपुढे ते कधी मोकळे होणार ते वर्ष लिहा. नॅशनल्ससाठी २०२५ च्या ड्राफ्टच्या दिवशी हा कागद असा दिसत होता: मॅकेन्झी गोर २०२७ अखेर, सी. जे. एब्रम्स २०२८ अखेर, जेम्स वुड २०३० अखेर. आणि त्या दिवशी संघाने पहिल्या क्रमांकावर घेतला तो ओक्लाहोमातला १७ वर्षांचा शॉर्टस्टॉप, एलाय विलिट्स. त्याच्या आठवडाभर आधीच जनरल मॅनेजर माइक रिझो यांना काढलं होतं, म्हणजे निवडणारी माणसंही हंगामी.

मुलगा गुणी आहे, वडील रेजी विलिट्स मेजर लीगमध्ये खेळलेले, दोन्ही बाजूंनी बॅटिंग करतो. १ कोटी १० लाखांच्या स्लॉटवर तो ८२ लाखांत आला आणि उरलेल्या पैशांतून पुढच्या फेऱ्यांत शाळकरी पिचर घेता आले. पायरी तीनच्या हिशेबाने चूक काहीच नाही. पायरी पाचच्या हिशेबाने मात्र मला ती पटली नाही. तो वर येईपर्यंत गोर गेलेला आणि एब्रम्स दारात उभा. मी असतो तर लुईझियाना स्टेटचा डावखुरा केड अँडरसन घेतला असता, ज्याला सिएटल मरिनर्सनी तिसऱ्या क्रमांकावर उचलला. संघाला आणखी चार वर्षं थांबायचंच होतं, तर मग गोर आणि एब्रम्सला तेव्हा ताब्यात ठेवण्यात काय अर्थ होता? एकाच संघाने दोन घड्याळं लावली की दोन्ही चुकतात.

पायरी ६: ट्रेड तोलताना नावं झाका

कुठलाही सौदा कागदावर नावांशिवाय मांडा. एका बाजूला: कंट्रोलची किती वर्षं, पगार किती. दुसऱ्या बाजूला: वय काय, कुठल्या पातळीवर खेळतोय, कुठली जागा. एकोणिसाव्या वर्षी डबल-एमध्ये टिकलेला मुलगा आणि पंचविसाव्या वर्षी तिथेच रुळलेला मुलगा, दोघांची सरासरी सारखी असली तरी मोल सारखं नाही.

डिसेंबर २०२४ चा गॅरेट क्रोशे सौदा यासाठी उत्तम. डावखुरा स्टार पिचर, कंट्रोलची दोन वर्षं, पगार आटोक्यात. व्हाइट सॉक्ससाठी ती दोन वर्षं कुचकामाची होती, बॉस्टन रेड सॉक्ससाठी सोन्याची. बदल्यात चार तरुण आले: कॅचर काइल टील, आउटफिल्डर ब्रेडन मॉन्टगोमेरी, इनफिल्डर चेस माइड्रॉथ, पिचर विकेलमन गोन्झालेझ. मॉन्टगोमेरी त्याच जुलैत १२ व्या क्रमांकावर निवडला गेला होता. घोट्याच्या दुखापतीमुळे एकही व्यावसायिक सामना न खेळता त्याचा संघ बदलला. क्रोशेने २०२५ मध्ये २५५ स्ट्राइकआउट घेतले, साऱ्या मेजर लीगमध्ये सर्वाधिक, आणि हंगामाच्या सुरुवातीलाच सहा वर्षांचा १७ कोटी डॉलरचा करार करून ती दोन वर्षं वाढवून टाकली. इकडे टील आणि माइड्रॉथ त्याच वर्षी शिकागोत खेळू लागले. दोन संघांची घड्याळं वेगळी असली की दोघांचाही फायदा होतो. असे सौदे मला आवडतात.

हुआन सोटोचा सौदा जास्त कडू. ४४ कोटी डॉलरचा प्रस्ताव त्याने नाकारला, आणि २ ऑगस्ट २०२२ ला नॅशनल्सनी त्याला जॉश बेलसह पॅड्रेसकडे पाठवलं. सोटोची अडीच वर्षं देऊन एब्रम्स, गोर, वुड, रॉबर्ट हॅसेल, हार्लिन सुसाना आणि लूक व्हॉइट मिळाले. त्यातले तिघे पुढे ऑल-स्टार झाले. सौदा म्हणून याहून चांगली वसुली क्वचितच होते. तरी २०२५ मध्ये संघ ९६ सामने हरला, कारण त्या तिघांभोवती ड्राफ्टमधून माणसं उभी राहिली नाहीत. ट्रेडने मिळवलेली वर्षं ड्राफ्टने खाल्ली, असं मी म्हणतो. मित्र म्हणतात, अजून थांब.

पायरी ७: सौदा उलटा फिरवून बघा

स्वतः ट्रेड सुचवायचा असेल तर पलीकडच्या संघाचा चाहता होऊन तो वाचा. ‘आमचे नको असलेले तिघे घ्या, तुमचा स्टार द्या’ या जातीचे प्रस्ताव इथेच गळतात. सुचवलेलं वाचताना आपल्यालाच थोडं दुखलं पाहिजे. जुलै २०२५ मध्ये पॅड्रेसना ॲथलेटिक्सकडून रिलीफ पिचर (सामन्याच्या उत्तरार्धात टाकायला येणारा) मेसन मिलर हवा होता, त्याच्यासोबत जे. पी. सिअर्सही आला, पण त्यासाठी १८ वर्षांचा लिओ डे फ्रीस, त्यांच्या फार्ममधला (मायनर लीगच्या संघांतला) सर्वांत मोलाचा मुलगा, सोडावा लागला. मिलरची चार वर्षांहून जास्त कंट्रोल बाकी होती, म्हणून ही किंमत. दोन महिन्यांच्या रिलीफ पिचरसाठी कुणी डे फ्रीस मागितला, तर हसून विषय बदला.

पायरी ८: निकाल लावण्याची तारीख आधीच ठरवा

डेट्रॉइट टायगर्सनी ऑगस्ट १९८७ मध्ये डॉइल अलेक्झांडर आणला. तो ९-० (नऊ विजय, एकही पराभव नाही) असा टाकला आणि संघाने डिव्हिजन, म्हणजे आपला गट, जिंकली. त्या शरद ऋतूत सौदा झकास होता. त्यासाठी अटलांटाला दिलेला जॉन स्मोल्ट्झ २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. उलट बाजूने, शिकागो कब्जनी २०१६ मध्ये काही महिन्यांच्या अरोल्डिस चॅपमनसाठी ग्लेबर टोरेससारखा मुलगा सोडला आणि १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. टोरेस पुढे ऑल-स्टार झाला म्हणून एकाही कब्ज चाहत्याला मी हळहळताना पाहिलेलं नाही.

म्हणून भाड्याच्या (हंगामाअखेर मोकळ्या होणाऱ्या) खेळाडूचा हिशेब ऑक्टोबर संपला की करा, कंट्रोलवाल्याचा तो मोकळा होईल तेव्हा, हायस्कूलमधून घेतलेल्याचा किमान पाच वर्षांनी. ड्राफ्टच्या रात्री आपलं मत वहीत तारखेसह लिहा: कुणाला घेतलं असतं आणि का. माझ्या वहीत १३ जुलै २०२५ पुढे ‘अँडरसन’ लिहिलेलं आहे, आणि शेजारी तपासण्याचं वर्ष २०३०.