नाल्यावर ट्रॅक्टर जाईल असा पूल बांधायचा असेल तं आधी हे वाचा

आमचं वावर काटोलकडे, मधातून नाला गेला, अलीकडे कापूस अन् पलीकडे संत्र्याची बाग. पहिल्या वर्षी आम्ही तीन सिमेंटचे पाईप टाकले, वरून मुरूम पसरवला, झाला रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा रस्ता, म्हणून खुश. जुलैत एका रात्री पाणी आलं, वरच्या वावरातल्या पऱ्हाट्या, तुराट्या अन् एक अख्खी बाभूळ पाईपाच्या तोंडाशी अडकली, मग पाणी पाईपातून जाईना तं काठ फोडून बाजूनं गेलं. सकाळी पाहतो तं पाईप जसेच्या तसे जागेवर अन् दोन्ही बाजूचा रस्ता गायब. सगळ्यांना भीती असते ट्रॅक्टरच्या वजनाची, पण पूल नेते पाणी, अन् ते बी बाजूनं नाही तं खालून. त्यामुळे पुढचं सगळं त्याच हिशोबानं सांगून राहिलो.

परवानगीचं आधी उरकून घ्या. नाला तुमच्या वावरातून जात असला तरी जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 20 प्रमाणे तो बहुतेक सरकारचाच असते, म्हणून ग्रामपंचायतीचा ठराव अन् तहसीलदाराकडे अर्ज. पाणी तुंबून शेजाऱ्याच्या वावरात गेलं तं तो मामलेदार कोर्टात, म्हणजे तहसीलदारापुढं जाऊ शकते, तो कायदा तं 1906 चा आहे.

जागा उन्हाळ्यात पाहून ठरवू नका, पावसात नाल्यावर जाऊन उभे राहा. वळणावर पूल नको, बाहेरचा काठ दरवर्षी कापत जाते, सरळ अन् अरुंद जागा शोधा. मोठ्या पुराची खूण झाडांच्या फांद्यांत अडकलेल्या कचऱ्यावर दिसते, गावातल्या म्हाताऱ्यांनाही विचारा. गर्डरची, म्हणजे पूल ज्यावर टेकते त्या लोखंडी तुळईची खालची बाजू त्या खुणेच्या कमीत कमी दोन फूट वर पाहिजे. 23 सप्टेंबर 2023 ला पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नागपुरात जे झालं ते आठवा, चार-पाच तासांचा पाऊस पुरते.

आता पाया, इथं कंजूषी करायची नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते अन् पावसात फुगते, तिच्यावर भिंत उभी केली की दोन वर्षांत तडे. आमच्या ठेकेदारानं नाल्याच्या तळाखाली चार फूट खोदून सांगितलं, "भाऊ, लागला मुरूम." मी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार मागितली अन् उभी आपटली, तं ती रुतून बसली, हलवून हलवून काढावी लागली. अजून दोन फूट जेसीबी चालवल्यावर सब्बल आपटली तं टण्ण आवाज आला अन् हाताला झिणझिण्या, तेव्हा थांबलो. सहा इंच पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट), त्यावर दोन्ही काठांना आरसीसी (सळईचं काँक्रीट) भिंत, अन् भिंतीत दर चार-पाच फुटांवर तीन इंची पाईपाचे तुकडे ठेवले, नाही तं मागं साचलेलं पाणी भिंतीला नाल्यात ढकलते. भिंतीच्या मागं बोल्डर अन् मुरूमच भरा, खोदलेली काळी माती परत टाकायचा मोह होते, फुकटची असते ना.

वरचं काम त्यामानानं सोपं. आमचं अंतर 20 फूट, रुंदी 12 फूट, इंजिनिअरनं 10 टनाची भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली धरून आयएसएमबी 300 चे, म्हणजे 300 मिलिमीटर उंच 'आय' आकाराचे चार गर्डर काढून दिले. प्रत्येकी 22 फूट, म्हणजे दोन्ही भिंतींवर एक-एक फूट टेकतात. एक गर्डर जवळपास 300 किलोचा, त्यामुळे माणसं लावून उचलायच्या भानगडीत पडू नका, हायड्रा क्रेन बोलवा. नागपूरच्या लोहा ओळीत, लोखंडाच्या बाजारात नवीन मिळतात, भंगारातले स्वस्त पडतात पण गंजानं पातळ झालेले अन् जागोजागी भोकं पाडलेले असतात, कॅलिपर लावून जाडी पाहूनच घ्या. गर्डर एकमेकांना लोखंडी चॅनलनं जोडा, टोकांना अन् मधात, नाही तं ते आडवे वळतात. हे आकडे आमच्या नाल्याचे आहेत, जसेच्या तसे उचलू नका, तुमचं अंतर वेगळं असेल तं स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून काढून घ्या, त्याची फी एका गर्डरच्या पुढं काहीच नाही. अन् मुरमाचा भरलेला हायवा, म्हणजे मोठा टिप्पर ट्रक, 10 टनाच्या पुलावर चढवूच नका, ड्रायव्हर म्हणेल "काही नाही होत", चढू देऊ नका.

स्लॅब सहा इंचाचा, एम 25 ताकदीच्या काँक्रीटचा, दोन्ही कडेला एक फूट उंच कठडा म्हणजे चाक घसरणार नाही. काम मार्च-एप्रिलमध्येच उरका. मे लागला की पारा 45 च्या वर, माल पहाटेच टाका अन् ओला बारदाना अंथरून 14 दिवस पाणी मारत राहा, आमच्या बाबांनी रात्री उठून बी मारलं.

मग राहते ते दोन्ही बाजूचा चढ, जिथं लोक थकलेले असतात अन् पैसे संपलेले असतात. मुरूम एकदम ओतायचा नाही, नऊ-नऊ इंचाचे थर, पाणी मारून रोलर. पाण्याच्या बाजूला उतारावर दगडाचं पिचिंग, म्हणजे दगड रचून अस्तर, अन् भिंतीच्या पायाशी नाल्यात मोठे बोल्डर. आमचा रपटा नेमका इथूनच गेला होता.

पुलाची परीक्षा स्लॅब टाकल्यावर 28 दिवसांनी. दोन्ही भिंतींमध्ये गर्डरखालून बारीक तार ताणून बांधा, मधोमध पट्टी लावून तारेपासून गर्डरपर्यंतचं अंतर लिहून घ्या. आधी रिकामी ट्रॉली, मग अर्धी, मग भरलेली मधात उभी करा, पट्टी वाचताना पुलाखाली कोणी थांबू नका, काठावरून मोबाईलनं झूम करून पाहा. आमचा गर्डर भरल्या ट्रॉलीनं चार मिलिमीटर खाली आला अन् ट्रॉली गेल्यावर परत जागेवर. तुमचा परत आला नाही तं दुसरी फेरी मारू नका, रस्त्यावर काटे टाकून बंद करा अन् इंजिनिअरला फोन लावा.